ड्रम वर्षात दोनदा का जातो? झेरॉक्स मशीन आणि दुरुस्तीचं बिल : वाचकांचे प्रश्न

या वेळी नागपूरकर वाचकांच्या पत्रांतले सहा प्रश्न घेतले आहेत. पत्रांतली दुकानांची, कंपन्यांची आणि टेक्निशियनची नावं गाळली आहेत. उत्तरांत जिथे 'समजा' म्हणून किंमत दिली आहे, तिथे ती हिशेबाची रीत दाखवण्यापुरती आहे. बाजारभाव म्हणून ती धरू नये.

प्रश्न : आमच्या कर सल्लागार कार्यालयात ए-३ मशीन आहे. ड्रम ६०,००० प्रती चालेल असं सांगितलं होतं. पहिला २६,००० वर गेला, दुसरा १९,००० वर. दर वेळी 'डुप्लिकेट ड्रम लागला असेल' एवढंच ऐकायला मिळतं. दोष ड्रमचा की मशीनचा?
— कार्यालय व्यवस्थापक, धरमपेठ

उत्तर : एक ड्रम लवकर गेला तर ड्रमवर संशय घ्यावा. दुसरा पहिल्यापेक्षाही आधी गेला, म्हणजे ड्रमला खाणारं काहीतरी मशीनमध्येच बसलेलं आहे. ते काढल्याशिवाय तिसरा ड्रम घालू नका, अगदी कंपनीचा असला तरी.

ड्रम म्हणजे ॲल्युमिनियमची नळी आणि तिच्यावर प्रकाशाला संवेदनशील असा लेप. हा लेप साधारण २० ते ३० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. त्यावर पॉलियुरेथेनचं क्लीनिंग ब्लेड सतत टेकलेलं असतं आणि उरलेला टोनर (छपाईची पूड) खरवडून काढतं. लेप झिजतो तो मुख्यतः इथे. म्हणून पहिली चौकशी ही करा : दोन्ही वेळा ड्रमसोबत ब्लेड बदललं होतं का? बिलात नसेल तर बहुधा नाही. चार-सहाशे रुपये वाचवायला जुनं ब्लेड तसंच ठेवतात. त्याच्या कडेला बारीक खाच पडलेली असते आणि त्या खाचेतून सुटणारा टोनर व कागदाची पूड नव्या कोऱ्या ड्रमवर गोल चरे पाडते.

ब्लेड बदललं असेल तरी ते कसं बसवलं, हे विचारा. नवा ड्रम आणि नवं ब्लेड दोन्ही कोरडे असतील तर पहिल्याच फेऱ्यात ब्लेडची कड उलटते. बसवताना ब्लेडच्या कडेला आणि ड्रमवर टोनरचा किंवा त्यासाठी मिळणाऱ्या पावडरीचा हलका हात मारून ड्रम हाताने, फिरण्याच्या दिशेनेच, दोन-तीन वळसे फिरवायचा असतो. घाईत हे राहून जातं.

काढलेला ड्रम टेक्निशियनला नेऊ देऊ नका. मंद उजेडात धरून बघा. एकाच जागी घेर धरून गोल चरे असतील तर ब्लेडची खाच किंवा अडकलेली स्टेपलची पिन. संपूर्ण लांबीभर सारखाच घासला असेल तर खरखरीत टोनर किंवा नुसती जास्त फिरत. चरा एकही नाही पण प्रती करड्या येतात, तर ड्रमला दोष देण्याआधी चार्ज रोलर आणि डेव्हलपर (टोनरला ड्रमपर्यंत नेणारी चुंबकीय पूड) तपासायला हवा. चार्ज रोलरवर पांढुरकी पूड बसली की ड्रमवर विद्युतभार सारखा बसत नाही आणि पार्श्वभूमी काळवंडते. अशा वेळी ड्रम बदलला की थोडे दिवस बरं दिसतं, मग पुन्हा तेच.

दुसरं कारण तुमच्या कामाच्या पद्धतीत असू शकतं. कर सल्लागाराकडे एकेक पानाचे प्रिंट फार निघतात. प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर ड्रम काही वळसे रिकामा फिरतो. ५० पानांचा एक गठ्ठा काढला तर ही रिकामी फिरत एकदाच होते, ५० वेळा एकेक पान काढलं तर ५० वेळा. मशीनच्या प्रती मोजणाऱ्या काउंटरवर दोन्हीकडे ५० प्रतीच दिसतात, ड्रमची झीज मात्र सारखी नसते. कंपनीने सांगितलेलं आयुष्य काही पानांच्या सरासरी कामावर धरलेलं असतं. म्हणून चलनं आणि पोचपावत्या साठवून दुपारी व संध्याकाळी एकत्र काढा. फुकट होण्यासारखी ही एकच दुरुस्ती आहे, आणि नेमकी तीच कोणी करत नाही.

तिसरं, टोनर. वेस्ट टोनर (ब्लेडने खरवडलेला) चाळून परत हॉपरमध्ये, म्हणजे टोनरच्या टाकीत, घालण्याची 'बचत' काही ठिकाणी चालते. वेस्टमध्ये कागदातली खडूची पूड (कॅल्शियम कार्बोनेट) आणि तंतू मिसळलेले असतात. ते ड्रमवर घासलं जातं आणि डेव्हलपरही नासवतं. ज्या मशीनमध्ये वेस्टची वेगळी बाटली आहे, तिथे ती भरली की फेकायचीच. बाटली वेळेवर बदलली नाही तर ब्लेडमागे टोनर तुंबतो आणि ड्रम लवकर झिजतो.

डाग कुठून येतो हे ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे मोजपट्टी. पानावर तोच ठिपका पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा. ते अंतर म्हणजे त्या गोल भागाचा परीघ : व्यास गुणिले ३.१४. ड्रमचा व्यास ३० मिमी असेल तर डाग दर ९४ मिमीला येईल. १२ मिमीच्या चार्ज रोलरचा दर ३८ मिमीला आणि ४० मिमीच्या फ्युजर रोलरचा दर १२६ मिमीला (फ्युजर म्हणजे टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग). तुमच्या मशीनमधले व्यास टेक्निशियनकडून लिहून घ्या आणि मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

ड्रम हाताळताना लेपाला बोट लावू नये, आणि बाहेर काढला की काळ्या कापडात किंवा त्याच्या पाकिटात गुंडाळावा. खिडकीच्या उन्हात दहा मिनिटं पडलेल्या ड्रमची प्रत फिकट किंवा पट्ट्यापट्ट्यांची येऊ शकते. अंधारात ठेवल्यावर काही वेळा तो सावरतो, काही वेळा नाही.

पुढे मशीनच बदलायचं ठरलं तर ड्रम कोणत्या जातीचा आहे हे विचारून घ्या. क्योसेरासारख्या कंपन्यांच्या अनेक मॉडेलमध्ये अमॉर्फस सिलिकॉनचा कठीण ड्रम असतो. तो नेहमीच्या ड्रमपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो, पण चरा पडलाच तर खर्चही तसाच मोठा.

प्रश्न : वरच्या फीडरमधून कागद टाकला की प्रतीवर एक सरळ काळी रेघ येते. काचेवर ठेवून काढली तर येत नाही. ड्रम आणि ब्लेड मिळून मोठा खर्च सांगितला आहे.
— वाचक, सदर

उत्तर : खर्च करू नका. काचेवरून काढलेली प्रत स्वच्छ आहे, म्हणजे ड्रम निर्दोष आहे. मोठ्या काचेच्या डाव्या अंगाला बोटभर रुंदीची एक वेगळी काचपट्टी असते. फीडरचा कागद तिच्यावरून सरकतो. तिच्यावर व्हाइटनरचा, गोंदाचा किंवा शाईचा कणभर डाग असला तरी पूर्ण पानभर रेघ उमटते. लिंट न सुटणाऱ्या कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. वाळलेला व्हाइटनर नखाने हलकेच सोडवा, ब्लेडने खरवडू नका. फीडरखालची पांढरी पट्टीही पुसा. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. लीगल कागदाचं काम जास्त. दर उन्हाळ्यात फ्युजरची फिल्म फाटते, कागद अडकतो, कधी दोन-दोन कागद एकदम ओढले जातात. दुकानात कूलर आहे. पावसाळ्यात पुन्हा वेगळाच त्रास, प्रती फिक्या. हे दरसालचं काहून होते?
— दुकानदार, सिव्हिल लाइन्स

उत्तर : तुमच्याकडे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत : ऊन, कूलर आणि लीगल कागद.

ए-३ मशीनचा फ्युजर २९७ मिमी रुंदीसाठी बनवलेला असतो. लीगल कागद २१६ मिमी रुंद, आणि तो उभाच जातो. मधल्या भागातली उष्णता कागद घेऊन जातो, पण दोन्ही टोकांना कागदच नसल्याने तिथे उष्णता साठत राहते. सलग दोनशे-तीनशे लीगल प्रती काढल्या की टोकं नेहमीपेक्षा फार तापतात. तेव्हा मशीन स्वतःहून मंदावतं. दुकानदाराला वाटतं बिघडलं, पण ते स्वतःला थंड करत असतं. तसंच रेटत राहिलं की फिल्मच्या (हीटरवरून फिरणाऱ्या पातळ नळीच्या) कडा ठिसूळ होतात आणि खालच्या प्रेशर रोलरचं सिलिकॉन रबर टोकांना फुगतं किंवा भेगाळतं. मग कागद वाकडा जातो, चुण्या पडतात, आणि एक दिवस फिल्म कडेपासून फाटते. तुमची फिल्म कडेपासूनच फाटते का, हे बघा. मधोमध फाटत असेल तर कारण वेगळं : स्टेपलची पिन, किंवा अडकलेला कागद उलट्या दिशेने ओढणं. वकिलांच्या फाइलीतल्या पिना फीडरमध्ये घालण्याआधी काढायच्याच, आणि गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर बोट फिरवून बघायचं.

लीगलचं मोठं काम शंभर-शंभरच्या टप्प्यांत काढा आणि मध्ये ए-४चं काम घ्या. ए-४ कागद ट्रेमध्ये असा लावा की लांब कड आधी आत जाईल. मग २९७ मिमीची पूर्ण रुंदी वापरली जाते, टोकं तापत नाहीत आणि वेगही जास्त मिळतो. बरेच जण सवयीने ए-४ही उभा लावतात, ते बंद करा. ए-५ पावत्या आणि लग्नाची पाकिटं या मशीनवर सलग काढू नका.

फिल्म बदलताना आत उष्णता सोसणारं खास ग्रीस लागतं. साधं ग्रीस घातलं तर ते वाळतं, फिल्म हीटरवर चिकटून थांबते आणि खालचा रोलर तिला ओढून फाडतो. 'नवी फिल्म महिनाभरही टिकली नाही' अशा तक्रारींत पहिला संशय या ग्रीसवर घ्यावा. खालचा रोलर फुगलेला असेल तर नुसती फिल्म बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. रोलर आणि त्याचे दोन्ही बुश (टोकांना आधार देणाऱ्या कड्या) सोबत बदला. झिजलेल्या बुशमुळे रोलर खाली बसतो, गिअरचे दात नीट जुळत नाहीत, आणि पुढचं बिल गिअरचं येतं.

आता कूलर. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत मशीनसाठी साधारण १० ते ३० अंश तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रता दिलेली असते. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या आसपास असताना पत्र्याच्या दुकानात ३० कुठून आणायचं! कूलर हवाच, पण त्याचा झोत मशीनवर आणि कागदाच्या रिमांवर नको. ओल्या ताट्यांमधून आलेली हवा उघड्या कागदाला दमट करते. दमट कागद फ्युजरमध्ये शिरला की वाफ होते, कागद वळतो आणि बाहेर पडताना अडकतो. उलट कूलर बंद असलेल्या कोरड्या दुपारी स्थिर वीज तयार होते आणि दोन कागद एकमेकांना चिकटून ओढले जातात. म्हणून उन्हाळ्यात कागद ट्रेमध्ये भरण्याआधी गठ्ठा चारही बाजूंनी पिंजून घ्या.

रीम वेष्टनातच ठेवा, एका वेळी १००-२०० कागदच ट्रेमध्ये भरा. रात्री ट्रेमधले कागद काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. पावसाळ्यातल्या फिक्या प्रतींवरही पहिला उपाय हाच, कारण ओलसर कागदावर ड्रमवरचा टोनर पुरता उतरत नाही. अनेक मशीनमध्ये ट्रेखाली छोटा हीटर असतो किंवा बसवता येतो. तो जोडलेला आहे का, हे विचारा.

दोन कागद ओढले जाण्याचं दुसरं कारण म्हणजे पिकअप (कागद ओढणारं) आणि सेपरेशन (कागद वेगळे करणारं) रबर गुळगुळीत होणं. पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने दर आठवड्याला पुसा. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, रबर कडक होतं. पॉलिश पेपर मारून खरखरीत केलेलं रबर थोडे दिवसच चालतं. हे सगळ्यांत स्वस्त सुटे भाग आहेत आणि यांच्यावरच लोक कंजुषी करतात. कागद वाकडा आत गेला की फटका महागड्या फ्युजरला.

जाता जाता : आधार कार्डाची प्रत झाकण उघडं ठेवून काढू नका. सगळीकडून काळी चौकट येते. टोनरचा खप साधारण ५ टक्के भरलेल्या पानावर मोजलेला असतो. अशा एका प्रतीत त्याच्या कितीतरी पट टोनर जातो, आणि वेस्टची बाटलीही लवकर भरते. आयडी कार्ड कॉपीचं बटण वापरा.

प्रश्न : शाळेच्या मशीनसाठी टेक्निशियनने 'फुल किट बदलावं लागेल' असं सांगून मोठं कोटेशन दिलं आहे. खरंच सगळं बदलतात का, हे आम्हाला कसं कळणार? एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) घ्यावी का?
— मुख्याध्यापक, महाल

उत्तर : कोटेशन मान्य करण्याआधी मशीनमधूनच काउंटरचा अहवाल छापून घ्या. कॅननच्या बऱ्याच मशीनवर '१२३' लिहिलेलं बटण दाबलं की एकूण आकडा दिसतो. सुट्या भागांचे वेगळे काउंटर सर्व्हिस मोडमध्ये (टेक्निशियनसाठीच्या मेनूत) असतात, ते टेक्निशियनकडून छापून मागा. ड्रमचा काउंटर भरला असेल आणि फ्युजरचा निम्म्यावरच असेल, तर 'फुल' किट कशाला?

एक गोष्ट लक्षात ठेवा : काउंटर शून्यावर आणायला भाग बदलावाच लागतो असं नाही. म्हणून कामाच्या आधीची आणि नंतरची प्रत तारीख व आकडा घालून फाइलला लावा, प्रत्येक नव्या भागाच्या खोक्यावरचा पार्ट नंबर बिलात लिहून घ्या, आणि जुने भाग शाळेतच ठेवून घ्या. जुना भाग द्यायला खळखळ झाली तर समजायचं ते समजा. हमी दिवसांत आणि प्रतींत, दोन्हींत लिहून घ्यावी.

एएमसी घ्यायची की नाही, हे प्रतीमागच्या खर्चावरून ठरतं. समजा ड्रम ४,५०० रुपयांचा आणि ६०,००० प्रती चालला, तर प्रतीमागे साडेसात पैसे. ब्लेड ६०० रुपये, तेवढ्याच प्रती : १ पैसा. डेव्हलपर २,४०० रुपये, ८०,००० प्रती : ३ पैसे. फ्युजरचे भाग ६,००० रुपये, दीड लाख प्रती : ४ पैसे. रबरं ९०० रुपये, ९०,००० प्रती : १ पैसा. टोनर १,८०० रुपये, १५,००० प्रती : १२ पैसे. एकूण साडेअठ्ठावीस पैसे. हाच ड्रम २०,००० वर गेला तर त्याचे एकट्याचेच साडेबावीस पैसे होतात, म्हणजे १५ पैसे जास्त. महिन्याला ८,००० प्रती असतील तर दरमहा १,२०० रुपये हातचे जातात. तुमच्या मागच्या दोन वर्षांच्या बिलांतले आकडे घालून हे गणित करा. मजुरीवर आणि सुट्या भागांवर जीएसटी वेगळा लागतो, तोही धरा.

नुसत्या मजुरीची एएमसी शाळेला फारशी उपयोगाची नाही, कारण खरा खर्च सुट्या भागांचा. प्रतीमागे दर ठरवून भाग आणि टोनर दोन्ही पुरवणाऱ्याचा करार बरा, कारण ड्रम लवकर गेला तर नुकसान त्याचं होतं आणि मग ब्लेडही वेळेवर बदललं जातं. करारात ड्रम, फ्युजर आणि डेव्हलपर ही नावं स्पष्ट असू द्या. 'कन्झ्युमेबल वगळून' या शब्दांआड अनेकदा ड्रमही वगळलेला असतो.

परीक्षेच्या आठवड्यात एकाच प्रश्नपत्रिकेच्या शेकडो प्रती काढायच्या असतील तर झेरॉक्स मशीन त्या कामाचं नव्हे. माहितीपत्रकावरचा महिन्याचा कमाल आकडा हा मशीन कसंबसं सोसेल असा आकडा असतो, रोजच्या वापराची शिफारस त्याहून बरीच कमी असते. मोठ्या संख्येसाठी डिजिटल ड्युप्लिकेटर असतो, त्याला फ्युजर नाही आणि ड्रमवर प्रकाशाचा लेपही नाही. एक मास्टर (छपाईचा साचा) कापायचा आणि शाईने छापायचं.

प्रश्न : मशीन संगणकाच्या यूपीएसवर लावलं तर चालेल का? बोर्ड दोनदा गेला आहे.
— लेखापाल, बुटीबोरी

उत्तर : नाही. गरम होताना मशीन हजार-दीड हजार वॉट ओढतं, ६०० व्हीएच्या यूपीएसला ते झेपत नाही. स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट आणि पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर द्या. बोर्ड दोनदा गेला म्हणता, तर वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो २-३ व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करा. वीज मध्येच गेली तर दार उघडून फ्युजरमध्ये अडकलेला कागद सावकाश, कागद जाण्याच्या दिशेने काढा. फ्युजर १८०-२०० अंशांवर चालतो, तेव्हा हात जपून.

प्रश्न : स्वतःचं दुकान टाकायला रीकंडिशन्ड मशीन घेतलं. सहा महिन्यांची हमी लिहून दिली होती. चौथ्या महिन्यात फ्युजर आणि ड्रम गेले. विक्रेता म्हणतो, 'हे झिजणारे भाग, हमीत येत नाहीत.' ग्राहक आयोगात जाता येईल का? दुकानाचं मशीन म्हणून नाकारतील का?
— दुकानदार, इतवारी

उत्तर : ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यावसायिक उपयोगासाठी वस्तू घेणारा ग्राहकाच्या व्याख्येत येत नाही. पण स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेल्या वस्तूला यातून सूट आहे. तुम्ही स्वतः दुकान चालवता, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आणि वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

निकाल हमीपत्राच्या शब्दांवर अवलंबून राहील. त्यात झिजणारे भाग स्पष्टपणे वगळले नसतील तर तुमची बाजू भक्कम. आधी लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत खरेदीच्या दिवशीचा आणि आजचा काउंटर द्या. चार महिन्यांत किती प्रती निघाल्या, हा सगळ्यांत मोठा पुरावा. खरेदीच्या दिवशीचा आकडा नसेल तर पहिल्या सर्व्हिस स्लिपवरचा शोधा.

मशीनच्या मागची पाटीही वाचा. परदेशातून आलेली काही जुनी मशीन १२० व्होल्टची असतात आणि ट्रान्सफॉर्मर लावून चालवली जातात. ट्रान्सफॉर्मर कमी क्षमतेचा असेल तर फ्युजर गरम होताना व्होल्टेज पडतो, टोनर कच्चा राहतो आणि बोट फिरवलं की अक्षरं पुसली जातात. तुमचा फ्युजर खरंच गेला आहे की त्याला पुरेशी वीजच मिळत नाही, हे तपासल्याशिवाय नोटिशीत 'फ्युजर खराब' असं लिहू नका. दुसऱ्या टेक्निशियनकडून, फ्युजर गरम होत असताना ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या टोकाचं व्होल्टेज मोजून घ्या आणि तो आकडा त्याच्या सहीने लेखी घ्या.